म्होरक्या ओ देत नाही

दाराशी बूट नाहीत हे तिच्या आधी लक्षात आलं, नवरा नाही हे नंतर. घरातल्या सपाता जागच्या जागी होत्या. डोंगरात घालायचे जाड तळव्यांचे बूट मात्र, जे कित्येक वर्षं जिन्याखाली धूळ खात पडले होते, ते गायब होते. खुंटीवरचा दोरही गेला होता. ती मागच्या दारी भाजी निवडत बसली होती, तेवढ्यात हा गडी वरची कडी काढून पसार. ती कडी दाराला इतक्या उंचावर बसवली होती ती तो एकटा बाहेर पडू नये म्हणून. पण बसवली होती त्यानंच, कारण दुसऱ्या कुणाच्या सुतारकामावर त्याचा जन्मात विश्वास नव्हता. स्वतःच्या हातची कडी त्याला काढता आली नसती तरच नवल.

सुतार नवऱ्याची स्मरणशक्ती दोनेक वर्षांपासून विरत चालली होती. आधी पटाशी कुठं ठेवली ते विसरायचा, मग जेवलो की नाही ते, आणि हल्ली तर सकाळी चहाचा कप हातात दिला की अदबीनं विचारायचा, "बाई, तुमच्या घरचे कुठं गेलेत?" ती म्हणायची, "गेलेत बाजारात, येतील." रडून काय होणार होतं? एकदा रडून पाहिलं होतं, तर तोच घाबरला आणि तिला पाणी आणून दिलं. त्या पेल्याकडे बघून तिला आणखीच रडू फुटलं, म्हणून मग तिनं तो नाद सोडला.

तिनं फोन लावला तो शिंप्याच्या लेकीला. ही शाळेत विज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात गावाचं शोधपथक चालवायची. डोंगरात कुणी हरवलं, घसरलं, कड्यात अडकलं की हातातलं काम टाकून धावायचं, शोधायचं आणि खाली आणायचं. पगार नाही, पाणी नाही, वर बायकोची बोलणी. असं हे पथक सुतारानंच तरुणपणी उभं केलं होतं आणि तोच वर्षानुवर्षं त्याचा म्होरक्या होता.

"बूट आणि दोर दोन्ही नेलेत?" शिंप्याची लेक फोनवर म्हणाली. "मग काकू, ते वरच आलेत. आमचा सकाळपासून सराव चाललाय ना, शिट्ट्या घरापर्यंत ऐकू आल्या असतील. आम्ही आहोतच इथं, सराव थांबवून लगेच शोध सुरू करते. तुम्ही खोलीवर येऊन बसा."

"अंगात काय घातलंय देव जाणे," ती म्हणाली. "नुसता सदरा असेल."

"काकू, तुम्ही खोलीवर या," शिंप्याची लेक पुन्हा म्हणाली. धुकं उतरायला लागलंय हे ती बोलली नाही, पण खिडकीतून ते दिसतच होतं.

पथकाची खोली पहिल्यापासून पावाच्या भट्टीच्या मागे. भट्टीची एक भिंत आणि खोलीची एक भिंत सामाईक, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ती बाजू ऊबदार असायची आणि ओले मोजे वाळवायला त्याहून चांगली जागा गावात नव्हती. आता खोलीत संगणकाचा पडदा आला होता, त्यावर डोंगराचा नकाशा. खुंट्यांवर लाल टोप्या, टेबलावर वायरलेसचे हातातले संच. उडता कॅमेरा पेटीतच होता, धुक्यात त्याला काय दिसणार? बाक मात्र तोच होता. सुतारानं केलेला, पाठ जरा जास्तच सरळ असलेला. हरवलेल्या माणसाच्या घरच्यांना बसवायचा बाक.

जन्मभर ती त्या बाकाच्या समोर उभी राहिली होती, चहाचे कप घेऊन. बाकावर कोण कोण बसून गेलं! मेंढपाळाची आई, सहलीला आलेल्या मुलांचे शिक्षक, एक नवी नवरी, जी सारखी सांगायची की आमचं भांडण झालं नव्हतं हो, खरंच नव्हतं झालं. सगळ्यांना ती एकच वाक्य ऐकवायची: चहा घ्या, अजून उजेड आहे. आज ती स्वतः बाकावर बसली आणि पथकातली नर्स तिच्यापुढे कप धरून म्हणाली, "काकू, चहा घ्या. अजून उजेड आहे."

किती कुचकामी वाक्य आहे हे, तिच्या मनात आलं. आणि आपण ते एवढ्या लोकांना किती तोऱ्यात ऐकवलं! तिनं कप घेतला, कारण न घेणाऱ्यांचा तिला नेहमी राग यायचा.

तेवढ्यात पुढच्या दारानं पावशेर आला. हा भट्टीचा मूळ मालक. पाव करायचा आणि उंचीनंही बेताचाच, म्हणून सगळं गाव त्याला पावशेर म्हणे. आता भट्टी मुलगा बघायचा आणि पावशेर दिवसभर गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांना सल्ले द्यायचा. कान पार गेले होते.

"वहिनी, सुतार पळाला म्हणे!" तो ओरडलाच.

"पळाला नाही, हरवलाय," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"हरवायचा कसला? त्याला डोंगर पाठ आहे. आपल्याला हरवून ठेवलंय त्यानं." असं म्हणून पावशेर तिच्या शेजारी बसला आणि त्यानं तिचा हात धरला.

जुन्या पथकात चौघं. म्होरक्या सुतार, हा पावशेर, शिंपी आणि पोस्टमन. शिंपी वाळका, टोकदार नाकाचा, त्याचं नाव टाचणी. पोस्टमन तो टपाल. त्याला डोंगरातलं प्रत्येक घर ठाऊक, आणि प्रत्येक घरातलं कुत्रं त्याच्यावर खार खाऊन. पथकाचं पहिलं स्ट्रेचर टाचणीनं जुन्या तंबूच्या कापडातून शिवलं होतं आणि सवयीनं त्याला खिसाही लावला होता. स्ट्रेचरला खिसा कशाला, असं सगळ्यांनी त्याला पिडलं. पुढं पाय मोडलेल्या एका बाईनं खाली येता येता आपला चष्मा त्यात ठेवला, तेव्हा टाचणी आठवडाभर छाती काढून फिरत होता.

आणि तो मोजणीदार! एका पावसाळी दिवशी चौघं चिखलात माखून, गुडघे फोडून त्याला शोधत होते, आणि हा पठ्ठ्या मेंढरांच्या गोठ्यात पेंढ्यावर घोरत पडलेला. उठवलं तर म्हणाला, "जरा हळू बोला ना!" टपालनं त्याला उचलून गोठ्याबाहेर चिखलात नेऊन ठेवला आणि मग रीतसर वाचवला. ती गोष्ट त्यांनी या खोलीत इतक्यांदा सांगितली की शेवटी मेंढरांनाही तोंडपाठ झाली असेल. सांगायचे, हसायचे, भिंतीवर मोजे वाफाळायचे, आणि पावशेर पुढून जरासे करपलेले, म्हणून विकता न येणारे पाव आणायचा. तिला पुढं किती चांगले पाव मिळाले, पण त्या करपलेल्या पावांची सर कशाला आली नाही. माणसं तरुण होती, हेच खरं.

टाचणी जाऊन काही वर्षं झाली होती. टपाल त्याच्या मागोमाग गेला.

वायरलेस खरखरला. शिंप्याची लेक बोलत होती. "वळणाच्या वरची बाजू बघून झाली. आता शांतता घेतो."

मग लांबून तीन शिट्ट्या आल्या, एकीमागून एक. त्यानंतर संचातून नुसता वारा ऐकू येत राहिला. नर्सही हलायची थांबली.

ही सुताराची पद्धत. शोधताना सगळे हाका मारत राहिले तर हरवलेल्याचं कण्हणं कुणाला ऐकू येणार? म्हणून थोड्या थोड्या वेळानं म्होरक्यानं तीन शिट्ट्या द्यायच्या, आणि त्या ऐकल्या की पथकातल्या प्रत्येकानं जिथं असेल तिथं थांबायचं, वाऱ्याला पाठ द्यायची, शक्य तर दगडाच्या आडोशाला बसायचं, आणि तोंडातून चकार शब्द न काढता ऐकायचं. कुणी आपल्याला हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ओ द्यायची ती फक्त हरवलेल्यानं. टपालला एकदा त्या शांततेत खोकला आला तर सुतारानं त्याला पुढच्या शोधाला घरी बसवलं होतं.

"काहीच नाही," शिंप्याच्या लेकीचा आवाज आला. तिनं तो सरळ ठेवायचा प्रयत्न केला होता. "नावानं हाका मारतोय, काका म्हणून मारतोय, आजोबा म्हणून मारतोय. मधूनमधून शांतता घेतोय. ओ नाही. पुढच्या ओढ्याकडे सरकतो."

आणि बाकावर बसल्या बसल्या तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती इतक्या झटक्यात उठली की चहा पावशेराच्या धोतरावर सांडला.

"तो ओ देणारच नाही!" ती म्हणाली. "अगं, तो हरवलाय हे त्याला कुठं माहीत आहे? तो शोधायला गेलाय. शिट्ट्या ऐकल्या, बूट घातले, दोर घेतला, निघाला. तुम्ही तीन शिट्ट्या देता, तो दगडाआड बसून ऐकत राहतो. तुम्ही ओरडता, तो गप्प. त्याचाच नियम तो कसा मोडेल?"

नर्सनं संच उचलून हे सगळं वर सांगितलं.

"काकू," शिंप्याची लेक म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मला सुचायला हवं होतं. जीप पाठवते, तुम्ही वळणावर या. बाबा सांगायचे तशी भोंग्यातून हाक मारायला या."

पावशेराला काही ऐकू आलं नव्हतं, पण ती निघाली म्हटल्यावर तोही निघाला. "तुम्ही कुठं येता? गारठ्यात मराल," ती म्हणाली. "काय?" असं म्हणून तो जीपमध्ये चढला. त्याला हवं तेव्हा तो जास्तच बहिरा व्हायचा.

वळण म्हणजे घाटरस्ता जिथं डोंगराला चिकटून मागं वळतो ती जागा. इथूनच पथक वर जायचं आणि इथंच परत यायचं. त्या दिवसांत चौघं उतारावर पांगलेले, धुक्यात एकाला दुसरा दिसायचा नाही. शोध संपला की पावशेराच्या भट्टीची गाडी घेऊन ती वळणावर यायची आणि हातातल्या भोंग्यातून हजेरी घ्यायची. एकेकाला हाक, त्यानं ओ द्यायची आणि तिच्या आवाजाच्या रोखानं उतरायचं. ओ येईपर्यंत ती हाक मारत राहायची. म्हणून तिला ते पाठीमागं भोंगा म्हणत, आणि तिला ते माहीत होतं.

घरात ती त्याला 'अहो' म्हणायची. तिच्या पिढीला दुसरं येतच नव्हतं. पण भोंग्यातून 'अहो' म्हटलं तर चौघंही वळून बघणार, म्हणून वळणावर ती सगळ्यांसारखं 'म्होरक्या' म्हणायची, तेही एकेरीत. म्होरक्या, कुठं आहेस रे! लग्नाच्या नवऱ्याला अरेतुरे करायची मुभा तिला जगात त्या एकाच ठिकाणी होती. घरी आल्यावर तो चिडवायचा, "आज फार चढला होता तुझा आवाज." आणि खुशीत असायचा.

जीप थांबली तेव्हा धुकं रस्त्यापर्यंत आलं होतं. शिंप्याची लेक आणि पथकातला वायरमन वाटच बघत होते. बाकीचे ओढ्याच्या बाजूला पसरले होते. शिंप्याच्या लेकीनं तिच्या हातात भोंगा दिला. नवा होता, हलका, बटणाचा. हे चुकलं तर दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं, आणि उजेड ओसरत होता. नुसत्या सदऱ्यात तो रात्र काढू शकणार नाही हे इथं कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"अहो!" ती आधी म्हणाली, आणि स्वतःच मान हलवली. डोंगरावर तो कुणाचाच अहो नव्हता.

"शोध संपला!" तिनं आवाज चढवला. "म्होरक्या! खाली ये रे! म्होरक्या!"

धुक्यातून काही आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली.

पावशेरानं तिच्या दंडाला धरलं. "काय म्हणतेस त्याला?"

"म्होरक्या म्हणतेय!" ती त्याच्या कानात ओरडली. "ओ देत नाही!"

"कसा देईल? वहिनी, तुला वेड लागलंय का? त्याची हाक शेवटी. आधी आम्ही तिघं. आम्ही खाली आलो हे कळल्याशिवाय त्यानं कधी ओ दिलीय?"

तिला आठवलं. खरंच की. पहिल्यांदा टाचणी, मग टपाल, मग पावशेर, आणि सगळ्यात शेवटी तो. एकदा टपालचा पाय मुरगळला होता तेव्हा सुतार दगडासारखा वर बसून राहिला होता, टपालची ओ येईपर्यंत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा. बायकोचा चेहरा विसरला, पण हा क्रम विसरला नसेल. पण मग ती कुणाला हाक मारणार होती? चौघांतले दोघं तर आता नव्हतेच.

तरी तिनं भोंगा उचलला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"टाचणी!"

वारा जरा पडला होता. तिला वाटलं, आता हे असंच राहणार, कुणीच काही बोलणार नाही. तेवढ्यात तिच्या शेजारून शिंप्याच्या लेकीनं, हाताचा द्रोण तोंडाशी धरून, गळा ताणून आवाज दिला.

"ओ! टाचणी आला!"

शिंप्याचा आवाज मुळात बारीक, बायकी. त्यावरून तो जन्मभर टोमणे खात राहिला. लेकीचा आवाज हुबेहूब तसाच निघाला. पावशेरालासुद्धा तो ऐकू गेला असावा, कारण त्यानं डोळे मिटून घेतले.

"टपाल!" ती म्हणाली. आता तिचा आवाज भोंग्यातही फाटत होता.

शिंप्याच्या लेकीनं वायरमनकडे बघितलं. त्यानं पोस्टमनला कधी पाहिलंही नव्हतं. "ओ," तो चाचरत म्हणाला.

"मोठ्यानं, पोरा," भोंगा खाली घेत ती त्याला म्हणाली. "टपाल हळू कधी बोललाच नाही."

"ओ! टपाल आला!" वायरमननं असा काही आवाज काढला की पलीकडच्या कड्यावरून तो परत आला.

"पावशेर!"

पावशेर धुक्याकडे बघत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. तिनं कोपर मारलं तसा तो दचकला, आणि मग त्या बेताच्या उंचीच्या माणसाच्या छातीतून खरीखुरी, तरुणपणातली ओ बाहेर पडली. "ओ! आलोय रे! पाव करपतायत, चल लवकर!"

तिनं भोंगा तोंडाशी नेला. आत्तापर्यंत आयुष्यात तिनं देवाकडे बरंच काही मागितलं होतं, त्यातलं बरंचसं मिळालंही नव्हतं. तिनं तेवढं सगळं या एका ओच्या बदल्यात सोडून दिलं.

"म्होरक्या!" ती म्हणाली. "सगळे आले रे. तू कुठं आहेस?"

आणि अगदी जवळून, रस्त्याच्या संरक्षक भिंतीच्या वरच्या खडकामागून, जिथून पथकातली माणसं दुपारपासून ये-जा करत होती, तिथून एक घोगरा, दमलेला, पण ठाम आवाज आला.

"ओ! म्होरक्या आला. चला घरी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! शिंप्याची लेक आणि वायरमन दोघंही भिंत चढून धावले. सुतार खडकाच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ देऊन बसला होता. दोर छातीवरून आडवा घेतलेला, बुटांच्या नाड्या नीट दुहेरी गाठीच्या, आणि ओठ निळे पडलेले. त्यांनी त्याला ब्लँकेटात गुंडाळलं आणि हळूहळू खाली आणलं. त्यानं शिंप्याच्या लेकीच्या खांद्यावर थोपटलं. "टाचणी, आज लवकर उतरलास," तो म्हणाला. तिनं मान वळवली.

बायकोनं त्याला जीपमध्ये आपल्याजवळ बसवलं, त्याचे गार पडलेले हात आपल्या काखेत घेतले आणि चोळत राहिली. पावशेर पुढच्या सीटवर नाक शिंकरत होता. सुताराला थरथर सुटली होती, हे चांगलं लक्षण आहे असं शिंप्याची लेक वायरलेसवर नर्सला सांगत होती. जीप खाली निघाली.

बऱ्याच वेळानं त्यानं तिच्याकडे बघितलं. ओळखीचं बघणं होतं, पण नवऱ्याचं नव्हतं. भोंगा धरणाऱ्या माणसाकडे कामाचं विचारावं तसं.

"हरवलेला सापडला का?"

"सापडला," ती म्हणाली.

"जिवंत?"

"हो. जिवंत."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. मग पुन्हा काळजीनं तिच्याकडे वळला. "त्याच्या घरी कळवलंत का? बायको असेल ना बाकावर. जीव टांगणीला लागला असेल बिचारीचा."

"कळवलं," ती म्हणाली, आणि त्याचे हात आणखी घट्ट धरले. "तिलाच सगळ्यात आधी कळवलं."